पिशवीचे बंद उसवू नयेत म्हणून

तुम्ही शिवलेली पिशवी फार सुबक झाली आहे! भाजी भरली की बंद उसवतात असं तुम्ही लिहिलंय, त्याबद्दल थोडं. बंद काठात खोचून एकच सरळ शिलाई मारली की सगळा भार त्या एका ओळीवर येतो. बंदाचं टोक काठाच्या खाली दीड इंच घ्या, तिथे चौकोनी शिलाई मारा आणि त्या चौकोनात फुलीही मारा. मागून जाड कापडाचा तुकडा ठेवलात तर पिशवीचं कापड फाटत नाही. कापडाचे पदर जास्त झाले की मशीनला 16 नंबरची जाड सुई लावा आणि मशीनचं चाक हातानेच फिरवा.

कापड मांजरपाट (जाडसर कोरं सुती कापड) असेल तर बेतण्याआधी भिजवून वाळवून घ्याच. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि अस्तर लोंबायला लागतं, माझं तसं झालं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं.

माझ्या पिशवीचे बंद आईच्या जुन्या इरकली साडीच्या काठाचे आहेत, दुहेरी दुमडून शिवलेले. 2018 मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली तेव्हा शिवलेली ती पिशवी मी अजूनही मंडईत नेते. पाच किलो कांदे आरामात येतात.