आधी नळ की आधी बंदी? शाळेतल्या बाटलीबंद पाण्याबद्दल

मुक्ता_ठाणे
आमच्या पालक-शिक्षक संघापुढे ठराव आलाय: कँटीनमध्ये, क्रीडादिनाला, गॅदरिंगला विकतच्या पाण्याच्या बाटल्या बंद. मुलांनी घरून स्टीलची बाटली आणायची आणि शाळेत भरून घ्यायची. मी ठरावाच्या बाजूने आहे. विरोधातली मतं ऐकायची आहेत, म्हणून हा धागा.

उत्तर सिक्कीममधल्या लाचेन गावाने २०१२ मध्ये बाटलीबंद पाणी बंद केलं. पर्यटकांवर जगणारं गाव, तरी केलं. पुढे १ जानेवारी २०२२ पासून राज्यभर बंदी आली. गिऱ्हाईक नाराज होईल ही भीती असूनही त्यांना जमलं, मग शाळेला अडचण कसली? दुसरं, जानेवारी २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी बाटलीबंद पाण्यात लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार प्लास्टिकचे कण मोजले, बहुतेक नॅनो आकाराचे. शरीरावर त्यांचा किती परिणाम होतो ते अजून ठरायचंय. पण सीलबंद म्हणजे शुद्धच, ही मुलांची समजूत घालवायला एवढं पुरे आहे.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. विकतची बाटली उघडणारा आणि टाकीच्या नळाखाली ओंजळ धरणारा, अशी दोन मुलं एकाच बाकावर बसतात. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ मध्ये काय झालं ते आपण ज्या वर्गात शिकवतो, तिथे पाण्याचे दोन दर्जे नकोत.

सिंहगडरोडकर
मुक्ताताई, शेवटचा मुद्दा पटला, ठराव नाही पटला. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात आमच्या नांदेड-किरकटवाडी पट्ट्यात जीबीएस, म्हणजे गुलियन-बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. हातापायांतली ताकद जाऊन धडधाकट माणसं व्हेंटिलेटरवर गेली. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि बोट पाण्याकडे गेलं. तेव्हा मी लेकीला बजावलं होतं, बाहेरच्या कुठल्याही नळाचं पाणी तोंडात घ्यायचं नाही. घरून नेलेलं दुपारी संपलं की तिने काय करायचं? अशा वेळी कँटीनमधली सीलबंद बाटली हा शेवटचा आधार असतो, आणि तुम्ही नेमका तोच काढून घेताय.

धनश्री_कोथरूड
दादा, त्याच दिवसांत पालिकेने काही खासगी आरओ प्रकल्पही बंद केले, कारण तिथलं पाणीही दूषित निघालं. सीलबंद बाटलीला निदान परवाना लागतो. गॅदरिंगला येतात ते थंड पाण्याचे सुटे जार कुठे भरले, कुणी धुतले, कोण विचारतं? बंदी आणायची तर जारलाही आणा, नाहीतर बाटली जाईल आणि तिच्या जागी जार येऊन बसेल.

रवी_मिशिगन
इथला, अमेरिकेतला अनुभव सांगतो, दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल.

व्हरमाँट विद्यापीठाने जानेवारी २०१३ पासून कॅम्पसवर बाटलीबंद पाणी विकणं थांबवलं. फुकट पाणी भरून घ्यायची सोय केली होती, कँटीनमध्ये आरोग्याला बऱ्या पेयांचा वाटाही ठरवून दिला होता. २०१५ मध्ये त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. माणशी बाटल्या कमी झाल्याच नाहीत, उलट वाढल्या, कारण पाण्याची जागा साखरेच्या पेयांनी घेतली. प्लास्टिक घटलं नाहीच, वर साखर.

दुसरं डेट्रॉईटचं. २०१८ मध्ये शाळा सुरू होण्याच्या तोंडावर तिथल्या सरकारी शाळांमधले पिण्याचे नळ बंद करावे लागले. तपासणीत शिसं आणि तांबं जास्त निघालं होतं. पुढे गाळणी लावलेली यंत्रं बसली, पण तोवर बाटल्या आणि कूलरवरच भागवावं लागलं. त्या शाळांत तेव्हा बाटलीबंदी असती तर?

मुक्ता_ठाणे
रवी, व्हरमाँटचं उदाहरण आपल्याला जसंच्या तसं लागू नाही. महाराष्ट्रात २०१७ च्या शासन निर्णयानेच शाळेच्या कँटीनमधून शीतपेयं आणि जंक फूड बंद झालंय. फाटकाबाहेरच्या टपरीचा प्रश्न उरतो, तो मान्य.

झेडपी_गुरुजी_भूम
ताई, शहरातले लोक बोलून झाले, आता आमचं ऐका. आमच्या शाळेत बाटली विकत घेणारं मूल नाही. बंदी आली काय, न आली काय, आमचं काहीच बदलत नाही. म्हणून बंदी हा विषयच मला दुय्यम वाटतो.

पाणी सुरक्षित ठेवायचं म्हणजे काय करावं लागतं ते सांगतो. टाकी नियमाने घासून धुवायची. जलसुरक्षकाने, म्हणजे गावचं पाणी सांभाळणाऱ्या माणसाने, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की नाही ते बघायचं. मग शेवटच्या नळाचं पाणी घेऊन ओटी टेस्ट करायची, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून क्लोरीन तपासायचा. पिवळा रंग आला तर क्लोरीन पोचलाय, नाही आला तर त्या दिवशी तो नळ बंद. ही तपासणी सातवीची मुलं माझ्या देखरेखीखाली करतात आणि फळ्यावर तारखेसकट लिहितात. देणगीत आरओ मिळाला म्हणून निर्धास्त व्हायचं कारण नाही. त्यातली कार्बनची गाळणी क्लोरीन काढून टाकते, मग पुढच्या साठवणीच्या टाकीत जंतू वाढायला आडकाठी राहत नाही. सर्व्हिसिंग चुकलेला आरओ मला साध्या नळापेक्षा धोक्याचा वाटतो.

मुलींचं तर कुणी बोललंच नाही. स्वच्छतागृह घाण असेल तर मुली दिवसभर पाणी पीतच नाहीत, बाटली असो की नळ. केरळमध्ये २०१९ पासून शाळांत पाणी प्यायची घंटा होते. ती इथेही हवी, पण आधी संडासाला कडी आणि आत पाणी हवं.

आणि स्टीलच्या बाटलीचं कौतुक करताना तिसरीतल्या पोराचं वजन बघा. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, वर बाटली. २०२० च्या दप्तर धोरणात स्पष्ट म्हटलंय की शाळेनेच चांगलं पाणी पुरवावं, म्हणजे मुलांना ते वाहून आणावं लागणार नाही. शिक्षण हक्क कायद्यातही सुरक्षित पाणी ही शाळेची जबाबदारी आहे. तुमचा ठराव ती पालकांच्या माथी मारतो.

मुक्ता_ठाणे
गुरुजी, ओटी टेस्टचा मुद्दा ठरावात घालायचा आग्रह मी धरणार आहे. पण "आधी नळ, मग बंदी" हे मला मान्य नाही. आमच्या शाळेत पाण्याबद्दल आवाज उठवू शकणारे पालक कोण? जे रोज बाटलीचे पैसे देऊ शकतात तेच. त्यांचं मूल बाटली पितंय तोवर टाकी धुतली का हे विचारायला ते बैठकीला येत नाहीत. इतक्या वर्षांत एकदाही आलेले नाहीत. त्यांचं मूलही त्याच नळावर आलं की पंधरा दिवसांत प्लंबर येईल.

झेडपी_गुरुजी_भूम
आणि त्या पंधरा दिवसांत आजारी कोण पडेल? डॉक्टरची फी देऊ शकणाऱ्याचं मूल नाही. मोठ्यांना जाग आणायला मुलांना ओलीस ठेवू नका.

सिंहगडरोडकर
गुरुजींशी शंभर टक्के सहमत. ताई, माझी अट सरळ आहे. प्रयोगशाळेचा अहवाल दर महिन्याला शाळेच्या फाटकावर लावा, नमुना कुठल्या नळाचा ते लिहून. सलग सहा महिने तो चांगला आला तर ठरावावर पहिली सही माझी.

मुक्ता_ठाणे
सहा महिने जास्त होतात. तीन धरा, आणि नमुना घ्यायला तुम्हीही उभे राहा. या शनिवारी बैठक आहे, तिथे हेच मांडते.