'स्वावलंबी मंडळी' : एका शब्दात तिन्ही मावतात का?

प्रश्न : आफ्रिकेतल्या प्रोटेस्टंट चर्चच्या इतिहासावरचा लेख मराठीत आणते आहे. एकोणिसाव्या शतकात हेन्री व्हेन या इंग्लंडमधल्या मिशनच्या चिटणिसांनी स्थानिक मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाला, तीन कसोट्या लावल्या : आपला खर्च आपण भागवावा, कारभार आपण पाहावा, प्रसार आपण करावा. तिन्हींना मिळून 'स्वावलंबी' लिहू का? आणि ते 'मिशनचा युथनेशिया' म्हणतात, तिथे 'दयामरण' लिहायला हात धजत नाही.

प्रतिसाद : ताई, 'दयामरण' नकोच. त्या काळी त्या शब्दाचा अर्थ सुखाचे मरण एवढाच होता. मंडळी स्वतःच्या पायावर उभी राहिली की मिशनने समाधानाने बाजूला व्हावे, असे व्हेनना म्हणायचे होते. 'मिशनची कृतार्थ अखेर' लिहा.

'स्वावलंबी' मात्र तिन्हींना पुरत नाही. मराठी कानाला तो शब्द पैशापाशीच थांबतो. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर नदीकाठचे उदाहरण घ्या. गुलामीतून सुटलेले, योरुबा समाजातले सॅम्युएल क्राऊथर १८६४ साली बिशप झाले, अँग्लिकन चर्चचे पहिले आफ्रिकी बिशप. १८९० मध्ये तरुण गोऱ्या मिशनऱ्यांनी त्यांच्या हाताखालच्या आफ्रिकी धर्मसेवकांना दूर केले, आणि १८९१ च्या अखेरच्या दिवशी क्राऊथर वारले. त्यांच्या जागी युरोपीय बिशप आला. हा अपमान वाचताना आजही जीव तुटतो. १८९२ मध्येच नायजरच्या मुखाकडच्या मंडळ्यांनी क्राऊथरांचे पुत्र डँडसन यांच्या पुढाकाराने आपला कारभार वेगळा केला आणि खर्चही अंगावर घेतला. पैसा उभा केला तो कारभार हातात राहावा म्हणून. म्हणून 'स्वावलंबी' आणि 'स्वशासित' हे दोन शब्द वेगळेच ठेवा.

प्रश्नकर्ती : पटले. तिसऱ्याला 'स्वयंप्रसारक' फार जड वाटतो.

प्रतिसाद : वाक्यच करा, 'आपणहून पसरणारी'. युगांडात नव्या ख्रिस्ती माणसाला तिथल्या लुगांडा भाषेत 'वाचणारा' म्हणत, कारण धर्म स्वीकारणे म्हणजे आधी अक्षरे शिकणे. लोक कवड्या मोजून शुभवर्तमानाची पुस्तके विकत घेत, आणि जो वाचायला शिकला तो शेजारच्याला शिकवी. हे चित्र 'प्रसारक' या शब्दात येत नाही.

दुसरा प्रतिसाद : स्वाहिलीत याच अर्थाचा शब्द आहे 'कुजितेगेमेआ'. 'तेगेमेआ' म्हणजे टेकणे, विसंबणे; मधला 'जि' म्हणजे स्वतः. आपल्या 'स्व' आणि 'अवलंबन' यांची जोडणी अगदी हीच! टांझानियात स्वावलंबनाचे धोरण मांडणाऱ्या १९६७ च्या अरुशा घोषणेने हा शब्द घरोघरी नेला. केनियात प्रेस्बिटेरियन चर्चने 'जितेगेमेआ' हे ब्रीद केले. त्याच चर्चचे सरचिटणीस जॉन गाटू यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत जाऊन सांगितले, की निदान पाच वर्षे मिशनरी आणि पैसा दोन्ही पाठवू नका. तिथे 'स्वावलंबी' नेमका बसतो, कारण टेकू काढून घ्या असेच ते सांगत होते.

आणखी एक, ताई. नाशिकच्या शरणपूरचा उल्लेख लेखात नसेल तर टीप द्या. गुलामांच्या जहाजांवरून सुटलेली आफ्रिकी मुले तिथल्या मिशनमध्ये शिकली, आणि १८७४ नंतर त्यांतली बरीच जण केनियातल्या मोंबासाजवळच्या फ्रेअरटाउनला गेली. शरणपूरलाच शिकलेले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८८५ मध्ये तिथे धर्मसेवक म्हणून दीक्षित झाले. पूर्व आफ्रिकेतल्या मंडळीचे हे सुरुवातीचे आफ्रिकी धर्मसेवक. शरणपूर रोडने रोज ये-जा करणाऱ्यांना हे कळायला हवे.

प्रश्नकर्ती : टीप नक्की देते. मग 'स्वावलंबी, स्वशासित, आपणहून पसरणारी मंडळी' असेच ठेवते आहे, आणि 'चर्च' जिथे संस्था आहे तिथेच.