बचावकार्यात स्वयंसेवक जखमी झाला, तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहते?

घाटवाट :

सप्रेम नमस्कार. आमच्या तालुक्यात डोंगर चढणाऱ्या तरुणांचे एक बचावपथक आहे. घाटात गाडी कोसळली, ट्रेकला आलेला कोणी वाट चुकला, ओढ्याच्या पुरात कोणी वाहून गेले, की पोलीस ठाण्यातून किंवा तहसील कार्यालयातून फोन येतो आणि हातातले काम टाकून आम्ही निघतो. मागच्या पावसाळ्यात दरीतून मृतदेह वर काढत असताना सुटलेला दगड आमच्या एका सहकाऱ्याच्या पायावर आला आणि त्याचा घोटा मोडला. तो रोजंदारीवर रंगकाम करतो, त्यामुळे तीन महिने घरात एक रुपया आला नाही. शस्त्रक्रियेचे पैसे पथकाने वर्गणी काढून भरले. त्याने स्वतःचा अपघात विमा काढलेला होता, पण दोराच्या साहाय्याने दरीत उतरणे हा धोकादायक साहसी प्रकार आहे, असे कारण देऊन कंपनीने दावा नाकारला.

पथकाची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे. अशा स्वयंसेवकांसाठी शासनाची एखादी योजना आहे का, संपूर्ण पथकाचा विमा काढता येतो का, आणि फोन आल्यापासून परत येईपर्यंत आमची काही अधिकृत ओळख असते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. त्या मुलाच्या आईने मला विचारले, "सरकारनेच बोलावले होते ना?" मला उत्तर देता आले नाही.

निवृत्त कारकून :

मी काही वर्षे जिल्हा स्तरावर आपत्ती व्यवस्थापनाच्या कामात होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळची योजना म्हणजे 'आपदा मित्र'. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ती २०१६ मध्ये पूरप्रवण अशा ३० जिल्ह्यांत ६,००० स्वयंसेवकांपासून सुरू केली, आणि २०२१ मध्ये ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्यासाठी तिचा विस्तार केला. निवड झालेल्यांना बारा दिवसांचे प्रशिक्षण, आपत्कालीन साहित्याचा संच आणि ठरावीक मुदतीचे विमासंरक्षण मिळते. आपल्यापैकी कोणाची नोंद आपदा मित्र म्हणून झाली आहे का, आणि त्यांच्या विम्याची मुदत कधी संपते, हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडून लेखी मागवा. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र भिंतीवर असते, पण विम्याची मुदत सरली आहे हे कोणाच्या लक्षातही नसते, असे मी पाहिले आहे.

अधिकृत ओळखीचा मुद्दा मात्र मला विम्याहूनही महत्त्वाचा वाटतो. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ७३ नुसार, शासनाच्या किंवा प्राधिकरणाच्या वतीने सद्भावनेने काम करणाऱ्या व्यक्तीवर त्या कामाबद्दल दावा किंवा खटला चालवता येत नाही. यातले 'च्या वतीने' हे शब्द नीट वाचा. आपण कोणाच्या वतीने दरीत उतरलात, हे दाखवणारा कागद आपल्याकडे असायला हवा, आणि नेमका तोच बहुतेक पथकांकडे नसतो. फोन तोंडी येतो, काम रात्रभर चालते, सकाळी सगळे पांगतात. म्हणून निघण्यापूर्वीच बोलावणाऱ्या अधिकाऱ्याकडून एका ओळीचा संदेश मागवावा, त्यात ठिकाण, वेळ आणि पथकाचे नाव असावे. पोलीस ठाण्यातून बोलावणे असेल, तर स्टेशन डायरीत नोंद घ्यायला सांगावी. मृतदेह काढला असेल, तर पंचनाम्यात पथकाच्या मदतीचा उल्लेख आहे की नाही, हे तिथेच पाहून घ्यावे. ही मागणी केल्याने कोणी दुखावेल, अशी भीती बाळगू नका. दावा, नुकसानभरपाईचा अर्ज, मुख्यमंत्री सहायता निधीकडे केलेली विनंती, या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच येतो की आपल्याला कोणी बोलावले होते.

वाहन अपघातापुरते सांगायचे तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते. घाटातल्या आपल्या बऱ्याच कामांना ते लागू पडेल. परंतु ते दायित्वापासूनचे संरक्षण आहे, मोडलेल्या पायाचा खर्च त्यातून मिळत नाही.

जुना दोर :

विम्याबद्दल अनुभवाने लिहितो. वैयक्तिक अपघात विम्याच्या बहुतेक पॉलिसींमध्ये गिर्यारोहण आणि तत्सम साहसी खेळ वगळलेले असतात, त्यामुळे आपल्या सहकाऱ्याच्या बाबतीत जे घडले ते दुर्दैवाने अनपेक्षित नाही. पथकाने सामूहिक अपघात विमा घ्यावा. केवळ विम्यासाठी जमवलेला गट चालत नाही, पण आपली नोंदणीकृत संस्था मुळात बचावकार्यासाठीच आहे, तेव्हा ती अडचण येणार नाही. मात्र हप्ता भरण्याआधी 'प्रशासनाच्या बोलावण्यावरून दोराच्या साहाय्याने केलेले बचावकार्य' हे शब्द पॉलिसीत समाविष्ट करून घ्या. एजंटने तोंडी "सगळे कव्हर आहे" म्हटल्यावर विश्वास ठेवू नका. आणि रोजंदारीवर असलेल्यांसाठी तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात आठवड्याला रक्कम देणारा भाग अवश्य घ्या. मृत्यूच्या मोठ्या रकमेपेक्षा पथकातल्या मुलांना तोच अधिक लागतो.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत २ लाखांची आहे. ती सर्वांनी घ्यावी, पण ती अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे. मोडलेल्या घोट्याला तिचा उपयोग नाही.

दक्षिणेकडून :

मी मूळची सातारा जिल्ह्यातली असून सध्या ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात राहते आणि इथल्या कंट्री फायर अथॉरिटीत स्वयंसेवक आहे. वणवे विझवण्याचे काम इथे फार मोठ्या प्रमाणावर बिनपगारी स्वयंसेवकच करतात.

'निवृत्त कारकून' यांनी नोंदीबद्दल जे लिहिले आहे, ते वाचून मला इथल्या पद्धतीचा पायाच सापडल्यासारखे वाटले. इथे बोलावणे पेजरवर येते, ते आल्याची वेळ नियंत्रण कक्षात नोंदली जाते, आणि त्या नोंदीवरच पुढचे सर्व हक्क उभे राहतात. काम करताना दुखापत झाली, तर उपचारांचा खर्च आणि बुडालेले उत्पन्न यांची भरपाई मिळते. फेअर वर्क कायद्यानुसार आपत्कालीन कामासाठी नोकरीवरून रजा घेण्याचा हक्क आहे, आणि त्यात प्रवासाचा वेळ व काम संपल्यानंतरच्या विश्रांतीचा वाजवी वेळही धरला जातो. ही रजा बिनपगारी असते, म्हणून २०१९-२० च्या उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे आगीशी झुंजणाऱ्यांची घरे अडचणीत आली, तेव्हा केंद्र सरकारला दिवसाला ३०० डॉलरपर्यंत आणि एकूण ६,००० डॉलरपर्यंत भरपाई जाहीर करावी लागली. म्हणजे इथेही हे सारे आपोआप मिळालेले नाही, स्वयंसेवकांनी आणि त्यांच्या कुटुंबांनी ते मागितले.

आपल्याकडे निदान तालुक्यातल्या कारखान्यांनी आणि बँकांनी आपल्या कर्मचाऱ्यांना अशा दिवसांची भरपगारी रजा द्यावी, यासाठी पथकाने पत्र द्यावे असे मला वाटते.

परिचारिका, रायगड :

इथे शरीराच्या दुखापतीबद्दल पुष्कळ लिहिले गेले. मी दुसऱ्या दुखापतीबद्दल लिहिते.

इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नसल्यामुळे यंत्रे वर नेता आली नाहीत, माणसांनी पावसात डोंगर चढून हातांनी माती उपसली. वर चढत असताना नवी मुंबई अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. नोकरीतल्या माणसाच्या मागे निदान सेवानियम तरी असतात, त्याच वाटेने चढलेल्या स्वयंसेवकांच्या मागे काय होते, हा विचार मला अजून सोडत नाही. शेवटी ५७ जणांना बेपत्ता मानून शोध थांबवावा लागला. ज्यांनी तिथे खणले, त्यांच्यापैकी काही तरुणांना मी नंतर ओळखीतून भेटले. झोप न येणे, ओल्या मातीचा वास आला की छाती धडधडणे, घरात कोणाशी न बोलणे, हे त्यांनी मला खूप उशिरा सांगितले.

मोठ्या कामानंतर पथकाने दोन-तीन दिवसांत एकत्र बसावे आणि ज्याला बोलायचे आहे त्याला बोलू द्यावे, मात्र कोणावर सक्ती करू नये. सलग दोनदा मृतदेह हाताळण्याचे काम एकाच मुलाला देऊ नये. त्रास काही आठवडे टिकला, तर टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, किंवा जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जाता येते. त्या रंगकाम करणाऱ्या मुलाला त्याच्या पायाशिवाय आणखी काही विचारले आहे का?

घाटवाट :

सर्वांचे मनापासून आभार. काल त्याच्या घरी जाऊन आलो. पायाविषयी तो भरभरून बोलला, त्या रात्रीचा विषय काढताच उठून आत गेला. पुढच्या रविवारी आम्ही चौघे पुन्हा जाणार आहोत.

मागील कामाची स्टेशन डायरीतील नोंद मिळावी, म्हणून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करत आहे. ती मिळाली, तर नाकारलेल्या दाव्याची तक्रार विमा लोकपालांकडे करता येईल का, आणि कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर त्यासाठी किती मुदत असते, हे 'जुना दोर' यांनी कृपया सांगावे.

जुना दोर :

करता येईल. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. त्यांनी ती फेटाळल्यापासून एक वर्षाच्या आत लोकपालांकडे जावे लागते, त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. नाकारल्याच्या पत्राची प्रत, पॉलिसीची संपूर्ण प्रत आणि रुग्णालयाचे कागद आजच एकत्र करून ठेवा.