सायकलवर बॅटरी चार्ज करायचीय, टायर रोलरवर घसरतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी भिलवडीजवळचा, जि. सांगली. 2019 च्या महापुरात आमच्याकडं लाईट गेली आणि मोबाईल बंद पडले, आई मामाकडं होती, ती कशीय तेपण कळंना, तेव्हापासनं डोक्यात होतं की पॅडल मारून निदान मोबाईल आणि एक बल्ब चालला पाहिजे.

जुन्या 28 इंची सायकलचं मागचं चाक स्टँडवर उचललंय, टायरला 2 इंची रोलर टेकवलाय (लेथवाल्यानं मस्त करून दिला) आणि रोलरला 24 व्होल्टची 250 वॅटची डीसी मोटर, ती फिरवून वीज काढायची. बॅटरी 12 व्होल्ट 7 एएच. पहिल्यांदा बॅटरी जोडली तर मोटरच चाक फिरवायला लागली, मग मधी डायोड (करंट एकाच बाजूला जाऊ देतो तो) टाकला, ते थांबलं.

आता अडचण अशी की मोकळं फिरवलं तर मीटरवर 17-18 व्होल्ट येतात पण बॅटरी जोडली की पॅडल जड होतं, टायर रोलरवर घसरतो आणि करंट एकदम कमीजास्त होतो. रोलर टायरवर दाबणारी स्प्रिंग ताणली तर चाकच जाम होतंय. टायर काढून रिमवरच लांब पट्टा टाकू का? जड फ्लायव्हील (वेग टिकवणारं वजनदार चाक) लावल्यावर झटके कमी होतील का? आणि सोलरचा चार्ज कंट्रोलर मोटरला चालतो का, का बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं सर्किट) लावून 14 व्होल्टवर सेट करू?

माणूस दमानं 75-100 वॅट देतो म्हणतात, मला त्यातले 40 बॅटरीत गेले तरी बास. पावसाळ्याच्या आत करायचंय, कुणी केलं असेल तर फोटो टाका प्लीज.