फुकट स्ट्रॅटेजी गेम निवडताना नेमके काय पाहावे?

निवांत_सेनापती यांचा प्रश्न

नमस्कार. मोबाईलवर खेळण्यासाठी एखादा फुकट स्ट्रॅटेजी गेम निवडायचा आहे. ‘फुकट’ या शब्दाने मी एकदा चांगलाच फसलो आहे, त्यामुळे या वेळी आधी जाणकारांना विचारावे आणि मगच डाउनलोड करावे असे ठरवले आहे.

मागचा अनुभव थोडक्यात सांगतो. राज्य उभारण्याचा एक गेम मी आठ महिने खेळत होतो. त्याचे नाव घेत नाही. पहिले दोन आठवडे फार छान गेले, कारण प्रत्येक टिचकीसरशी काहीतरी बांधून पूर्ण होत असे. पुढे किल्ल्याच्या एकेका लेव्हलला चार-चार दिवस लागू लागले आणि आघाडीच्या (एकत्र खेळणाऱ्यांच्या गटाच्या) प्रमुखांचे ‘पहाटे चारला हजर राहा’ असे निरोप येऊ लागले. शेवटी एका रात्री शील्ड (हल्ल्यापासून काही काळ मिळणारे संरक्षण) लावायचे राहून गेले. सकाळी उठून पाहतो तो धान्याचे कोठार रिकामे, आणि तीन महिने खपून उभे केलेल्या सैन्यापैकी दवाखान्यात मावले तेवढेच शिल्लक. त्याच पडद्यावर, त्याच क्षणी, ‘फक्त आजच्या दिवसासाठी’ सैन्य पुन्हा उभारण्याचा पॅक मोठ्या सवलतीत झळकत होता. गेम तिथल्या तिथे काढून टाकला.

मला रोज तीस-चाळीस मिनिटे मिळतात, तीही सलग नाहीत. पैसे शक्यतो खर्च करायचे नाहीत. गेम मनापासून आवडला तर एकदाच थोडे द्यायला हरकत नाही. डोके चालवावे लागेल असा खेळ हवा, आणि दोन दिवस उघडला नाही म्हणून शिक्षा होऊ नये एवढीच अपेक्षा आहे. अशा गेमची निवड कशी करावी?

तटबंदी यांचा प्रतिसाद

आपण गेमचे नाव विचारण्याऐवजी निवड कशी करावी हे विचारलेत, ते बरे झाले, कारण नावे दरवर्षी बदलतात आणि विक्रीचे प्रकार मात्र तेच राहतात. कोणताही फुकट गेम काही ना काही विकत असतोच. तो वेळ विकतो, ताकद विकतो, नुसता साज विकतो, की खेळाचा जास्तीचा भाग विकतो, एवढे आधी ओळखावे. साज विकणाऱ्या गेमपासून आपल्याला काहीच धोका नाही. जास्तीचा भाग विकणारा गेम म्हणजे पहिले प्रकरण फुकट देणारा पुस्तकविक्रेता. त्यातही फसवणूक नाही. खरी गोम आहे ती वेळ आणि ताकद विकणाऱ्या गेममध्ये, आणि स्ट्रॅटेजी या प्रकारात बहुसंख्य गेम याच दोन गोष्टी विकतात.

वेळ कसा विकला जातो ते एका हिशेबाने दाखवतो. समजा, इमारतीची पहिली लेव्हल एका मिनिटात होते आणि पुढे प्रत्येक लेव्हलला दुप्पट वेळ लागतो. पाचव्या लेव्हलला १६ मिनिटे लागतात, तिथवर कोणाची तक्रार नसते. दहाव्या लेव्हलला ५१२ मिनिटे, म्हणजे साडेआठ तास लागतात. तेही झोपेत निघून जातात. पंधराव्या लेव्हलला मात्र १६,३८४ मिनिटे, म्हणजे अकरा दिवसांहून अधिक काळ लागतो. प्रत्यक्षात प्रत्येक गेमचे आकडे वेगळे असतात, पण चढण साधारण याच जातीची असते. पहिल्या दोन आठवड्यांचा आनंद खरा असतो, फक्त तो चढणीच्या पायथ्याचा असतो. म्हणून नव्या गेममध्ये शिरताना पायथ्यावर मत बनवू नये; त्या गेमच्या खेळाडूंनी केलेले लेव्हलनिहाय तक्ते बहुधा सहज सापडतात, त्यात शेवटून तिसऱ्या-चौथ्या लेव्हलचा वेळ पाहावा आणि तेवढे थांबायची तयारी आहे का, हे स्वतःला विचारावे.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या गैरहजेरीत काय होते. ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’चेच उदाहरण घ्या. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचा हा गेम २०१२ साली आयफोनवर आणि पुढच्या वर्षी अँड्रॉइडवर आला. आपण नसताना कोणी हल्ला केला तर यात साठ्यातील काही सोने आणि एलिक्सर जाते, परंतु पडलेल्या इमारती आपोआप उभ्या राहतात आणि छावणीतील सैन्याला धक्का लागत नाही. आपले जे नुकसान झाले तशा प्रकारचे नुकसान इथे होतच नाही. शिवाय सैन्य तयार करण्याचा खर्च या गेमने २०२२ मध्ये आणि त्यासाठी लागणारा वेळ २०२५ मध्ये काढून टाकला, त्यामुळे वीस मिनिटे मिळाली तर ती वीस मिनिटे खरोखर खेळता येतात. इमारतींच्या अपग्रेडची वाट मात्र पाहावीच लागते आणि ती वरच्या लेव्हलना फार मोठी आहे. पैसे न देणाऱ्याने गावातली झाडे-दगड काढून आणि कामगिऱ्या पूर्ण करून मिळणारे जेम्स (गेममधील रत्ने) घाई करण्यात उधळू नयेत. ते बिल्डरसाठीच, म्हणजे इमारती बांधणाऱ्या कामगारासाठीच साठवावेत. तिसरा बिल्डर ५०० जेम्सना, चौथा १,००० ना आणि पाचवा २,००० ना मिळतो, आणि एकदा मिळालेला बिल्डर कायमचा आपला असतो.

अडीच_घर यांचा प्रतिसाद

तटबंदी यांचे विवेचन पटले, पण माझ्या मते प्रश्नकर्त्यांनी घड्याळावर चालणाऱ्या गेमकडे जाऊच नये. रोजची तीस-चाळीस मिनिटे, तीही तुकड्यातुकड्यांत, असे गणित असेल तर आळीपाळीने चाल करायचे गेम त्यांच्यासाठीच बनले आहेत, कारण त्यात आपण चाल करेपर्यंत जग थांबलेले असते.

पहिला सल्ला ‘पॉलिटोपिया’चा. स्वीडनमधील मिजिवान या छोट्या स्टुडिओचा हा गेम २०१६ पासून उपलब्ध आहे. छोट्या चौकोनी नकाशावर एका जमातीला घेऊन गावे जिंकायची, ज्ञान मिळवायचे आणि शेजाऱ्यांना आवरायचे, असा त्याचा आटोपशीर मामला आहे. त्यातील एका प्रकारात डाव ३० फेऱ्यांत संपतो, त्यामुळे ‘आणखी थोडे’ म्हणत रात्र जाण्याची भीती कमी. (पूर्ण नाहीशी होत नाही, हे अनुभवाने सांगतो.) चार जमाती फुकट मिळतात आणि बाकीच्या एकेक करून विकत घेता येतात. विकतच्या जमाती वेगळ्या पद्धतीने खेळाव्या लागतात, पण त्या घेतल्या नाहीत म्हणून फुकटच्या जमातीची तलवार बोथट होत नाही. इतर माणसांविरुद्ध ऑनलाइन खेळायचे असेल तर मात्र एखादी जमात विकत घ्यावी लागते. आपली एकदाच थोडे देण्याची तयारी आहे, तर ते पैसे इथे सत्कारणी लागतील.

अँड्रॉइड वापरत असाल तर ‘अनसिव्ह’ही पाहा. ‘सिव्हिलायझेशन ५’च्या नियमांवर बेतलेला हा मुक्तस्रोत गेम आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि विकत घेण्यासारखेही काही नाही. दिसायला अगदी रूक्ष आहे, जणू कोणी हिशेबाच्या वहीवर साम्राज्य मांडले आहे, पण खोली विचाराल तर महिनोन् महिने पुरेल इतकी. मनोरे बांधून शत्रू थोपवणे आणि त्यासाठी कारखाने चालवणे आवडत असेल तर अँड्रॉइडवर ‘माइंडस्ट्री’ही फुकट आहे, आयफोनवर त्याला पैसे पडतात. आणि अगदीच खरे बोलायचे तर २०१० पासून चालत आलेले ‘लिचेस’ हे बुद्धिबळाचे संकेतस्थळ व अ‍ॅप पूर्णपणे फुकट आणि जाहिरातमुक्त आहे. बुद्धिबळाइतका सखोल स्ट्रॅटेजी गेम अजून कोणी विकायला काढलेला नाही.

माझी एक साधी कसोटी आहे. गेम उतरवून घेतला आणि सुरुवातीचे धडे संपले की फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा आणि गेम पुन्हा उघडायचा. उघडला आणि खेळता आला तर तो तुमच्या वेळेनुसार चालतो. ‘सर्व्हरशी संपर्क तुटला’ असे म्हणाला तर तो लगेच वाईट ठरत नाही, पण आपण दुसऱ्याच्या घड्याळावर आलो आहोत एवढे कळते.

कोठारप्रमुख यांचा प्रतिसाद

मी थोडा विरोधी सूर लावतो. प्रश्नकर्त्यांचा ज्या प्रकारचा गेम होता, तोच प्रकार मी गेली चार वर्षे खेळतो आहे आणि त्यात लष्कराच्या भाकऱ्या भाजण्याचेच काम, म्हणजे आघाडीच्या धान्यवाटपाचे नियोजन, माझ्याकडे आहे. या गेममध्ये खरी स्ट्रॅटेजी इमारती बांधण्यात नसते. ती माणसांत असते. कोणाशी तह करायचा, कोणत्या खिंडीवर कोण उभे राहील, दीडशे माणसांना एका वेळी एका जागी कसे आणायचे, हा अनुभव एकट्याने खेळायच्या गेममध्ये मिळत नाही. पैसे ओतणारे लोक आपल्यापेक्षा बलवान असतात हे मान्यच आहे, पण त्यांनाही धान्य लागते, साथीदार लागतात आणि पहाऱ्यावर कोणीतरी लागते.

तरीही कोणी या वाटेला जाणार असेल तर तीन गोष्टी सांभाळाव्यात. नुकत्याच उघडलेल्या सर्व्हरवरच, म्हणजे गेमच्या नव्या स्वतंत्र जगातच सुरुवात करावी. सहा महिने जुन्या सर्व्हरवर नवखा माणूस इतरांसाठी फक्त चालते-बोलते कोठार असतो. सैन्य कधीही दवाखान्याच्या क्षमतेपेक्षा जास्त धोक्यात घालू नये, कारण अशा बहुतेक गेममध्ये क्षमतेबाहेरचे जखमी कायमचे जातात, आणि आपल्या बाबतीत नेमके तेच झालेले दिसते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: आघाडी निवडताना तिची ताकद पाहू नये, तिचे नियम पाहावेत. ‘आठवड्याला दोनदा आलात तरी चालेल’ असे स्पष्ट लिहिणाऱ्या आघाड्या असतात. पहाटे चारचा हुकूम गेमने दिला नव्हता, आपल्या प्रमुखांनी दिला होता.

बाकी आपली तीस-चाळीस मिनिटांची अट पाहता मीही आपल्याला या प्रकारात बोलावणार नाही. युद्धाच्या आठवड्यात माझी तेवढी मिनिटे नुसते निरोप वाचण्यात जातात.

निवांत_सेनापती

सर्वांचे आभार. कोठारप्रमुख, आपले म्हणणे वर्मी लागले. माझा राग बहुधा चुकीच्या माणसावर होता. एक पूरक प्रश्न: ‘क्लॅश रोयाल’चा डाव तीन मिनिटांचा असतो असे ऐकले. माझ्या तुटक वेळेत तो बसेल का?

तटबंदी

वेळेत अगदी चपखल बसेल. आठ पत्त्यांचा संच, पत्ते टाकण्यासाठी खर्च होणारे, जास्तीत जास्त दहापर्यंत साठणारे एलिक्सर आणि शेवटच्या मिनिटाला ते भरण्याचा दुप्पट वेग, एवढ्या मोजक्या नियमांतून निघणारी चुरस वाखाणण्यासारखी आहे. प्रतिस्पर्ध्याने किती एलिक्सर खर्च केले याची मनात मोजदाद ठेवणारा खेळाडू आणि न ठेवणारा खेळाडू यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

अडचण पत्त्यांच्या लेव्हलची आहे. एका लेव्हलमागे पत्त्याची ताकद साधारण दहा टक्क्यांनी वाढते. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण समजा तुमच्या बाणाचा घाव १०० चा आहे आणि समोरच्या शिपायाचा जीव ९५ चा. समान लेव्हलला तो एका घावात पडतो. तो एक लेव्हल वर असेल तर त्याचा जीव १०४ च्या आसपास होतो, तो चार गुणांवर तग धरून तुमच्या मनोऱ्यापर्यंत पोहोचतो आणि तुम्ही केलेली अचूक चाल चुकीची ठरते. म्हणजे तिथे पैशाने केवळ घाई होत नाही, डावाचा निकालही हलतो. क्रमवारीच्या शिड्या चढण्याचा हट्ट सोडून गंमत म्हणून खेळणार असाल तर खुशाल खेळा.

नशिबाच्या पेट्या (आत काय निघेल हे आधी न कळणाऱ्या) विकणाऱ्या कोणत्याही गेमबद्दल एक हिशेब लक्षात ठेवा. ‘एक टक्का शक्यता’ याचा अर्थ शंभर पेट्या उघडल्या की वस्तू मिळणारच, असा होत नाही. शंभर उघडूनही हाती काहीच न लागण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते. अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ पासून अशा पेट्यांतील शक्यता जाहीर करणे सक्तीचे केले आहे. विकत घेण्याआधी तो आकडा शोधून वाचावा.

चौकी_पहारा

दोन व्यावहारिक सूचना, ज्या कोणीच केलेल्या दिसत नाहीत. पहिली म्हणजे गेम उतरवल्याच्या दिवशीच फोनमधील खरेदीला कुलूप लावा. आयफोनच्या ‘स्क्रीन टाइम’मध्ये अ‍ॅपमधील खरेदी पूर्ण बंद करता येते, आणि प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आहे. सवलतीचा पॅक नेहमी आपण चिडलेलो किंवा हरलेलो असतानाच समोर येतो; तेव्हा मध्ये एक पासवर्ड असला तरी पुरतो.

दुसरी सूचना पाहुणा म्हणून न खेळण्याची. मी एका गेममध्ये खाते न जोडता वर्षभर खेळलो, फोन बिघडला आणि सगळे गेले. मदत केंद्राने खाते क्रमांक मागितला, तो बिघडलेल्या फोनमध्येच होता.

निवांत_सेनापती

तीन आठवड्यांनी कळवतो आहे. ‘पॉलिटोपिया’वर स्थिरावलो. मध्ये चार दिवस उघडता आला नाही. परत आलो तेव्हा माझा घोडेस्वार होता तिथेच उभा होता. खरेदीचे कुलूप लावले आहे, त्यामुळे नव्या जमातीचा विचार महिना संपल्यावरच करेन. मात्र मधल्या फेऱ्यांत माझ्याकडे तारे (या गेममधले चलन) उरतच नाहीत आणि प्रतिस्पर्धी पुढे निघून जातात. कुठे चुकत असेल?

अडीच_घर

बहुधा आपण गावे आधी जिंकता आणि ज्ञान नंतर विकत घेता. शहरांची संख्या वाढली की प्रत्येक ज्ञानाची किंमतही वाढते, त्यामुळे जे लागणारच आहे ते पुढचे गाव घेण्याआधी घ्यावे. दुसरे म्हणजे एकदा बारदूर जमात घेऊन पाहा. तिला शिकार पहिल्यापासून येते. राजधानीजवळ दोन प्राणी असतील तर दोन-दोन ताऱ्यांत त्यांची शिकार होऊन राजधानी पहिल्याच फेरीत दुसऱ्या लेव्हलला जाते. तिथे कार्यशाळा आणि शोधक (नकाशाचा अज्ञात भाग उघडणारा) यांपैकी एक निवडायला सांगतात. नकाशा मोठा असेल तर मी शोधक घेतो, लहान असेल तर कार्यशाळा, कारण ती दर फेरीला एक तारा जास्तीचा देत राहते. आपला नकाशा केवढा आहे ते कळवा.