फिश टँक पुन्हा सुरू करण्याबाबत : आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतील सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-२०३ : सर्वांना नमस्कार. आमच्याकडे ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी बरीच वर्षे माळ्यावर पडून आहे. मुलांच्या शिक्षणाच्या धावपळीत मासे पाळण्याचा छंद मागे पडला होता, तो आता निवृत्तीनंतर पुन्हा सुरू करावा असे मनात आहे. पूर्वी आदल्या दिवशी पाणी भरायचे आणि दुसऱ्या दिवशी गोल्डफिश आणून सोडायचे, एवढीच पद्धत माहीत होती. आपल्याकडील बोअरमिश्रित पाणी चालेल का, आणि दुसऱ्या मजल्यावर वजनाची काही अडचण येईल का, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.

सी-४०१ : काका, प्रथम वजनाचे सांगते. या मापाच्या टाकीत काठोकाठ सुमारे १९० लिटर पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचेच १९० किलो झाले. काच, खडी आणि स्टँड धरून हे वजन अडीचशे किलोच्या घरात जाते. त्यामुळे टाकी हॉलच्या मधोमध किंवा गॅलरीत न ठेवता, जिच्याखाली बीम आहे अशा भिंतीलगत ठेवावी आणि तळाच्या काचेखाली थर्मोकोलची शीट घालावी. मात्र त्याआधी टाकी पार्किंगमध्ये सपाट जागी ठेवून पूर्ण भरा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. खाली वर्तमानपत्र अंथरले की कोपऱ्यातून झिरपणारा एखादा थेंबही लगेच दिसतो. सांध्यावरील सिलिकॉनची कड नखाने उचलून पाहा. ती पापुद्र्यासारखी सुटत असेल, तर जुने सिलिकॉन पूर्ण खरवडून नवे भरून घ्यावे लागेल. टाकी धुताना साबण अजिबात वापरू नये.

आता मुख्य मुद्दा. टाकी भरल्यावर मासे आणण्याची घाई करू नका. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात सतत अमोनिया मिसळत असतो आणि तो माशांना घातक असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. तेही विषारीच, कारण त्याने माशाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे मासे बऱ्याच प्रमाणात सहन करतात आणि जे पाणी बदलून किंवा वनस्पती लावून कमी करता येते. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात; ते फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वस्ती करतात, आणि कोऱ्या टाकीत ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीतले मासे आठवड्याभरात दगावले की दुकानदार निळ्या औषधाची बाटली हातात देतो, पण बहुतेक वेळा आजार माशांना नसतो, टाकीच तयार झालेली नसते.

ए-१०२ : दुकानात जिवाणूंची तयार बाटली मिळते असे ऐकले आहे. ती ओतली तर एवढे थांबावे लागणार नाही ना?

सी-४०१ : तिचा कधी उपयोग होतो, कधी होत नाही. त्यापेक्षा माझ्या चालू टाकीतला एक मुरलेला स्पंज फिल्टर मी काकांना देते; तो खात्रीचाही आहे आणि फुकटही. तो ओला असतानाच नेऊन लगेच एअर पंपाला जोडावा. रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या टाकीत टाकत राहावे, म्हणजे जिवाणूंची उपासमार होणार नाही. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट मात्र दिसू लागले, की टाकी तयार झाली असे समजावे, आणि त्यानंतरही पहिल्या खेपेस पाच-सहाच मासे आणावेत.

बोअरचे पाणी चालते, फक्त त्याला मानवणारे मासे निवडावेत. आपले पाणी जड आहे, हे गीझरच्या कॉइलवर बसणाऱ्या पांढऱ्या थरावरून सर्वांनाच ठाऊक आहे. गप्पी, मॉली आणि प्लॅटी यांना असेच पाणी आवडते. निऑन टेट्रा किंवा डिस्कस या मऊ पाण्यातल्या माशांच्या मोहात पडून आरओचे पाणी ओतत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. नुसत्या आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. एक मात्र लक्षात ठेवा, की जड पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) सहसा जास्त असतो, आणि तो ७ वरून ८ वर गेला तर तेवढ्याच अमोनियातील विषारी भाग जवळजवळ नऊ-दहा पट होतो, म्हणून आपल्या पाण्यात खाद्य बेतानेच घालावे. गोल्डफिश हवेच असतील तर या टाकीत दोनच ठेवा, कारण ते वीतभर वाढतात आणि घाणही पुष्कळ करतात.

बी-२०३ : ताई, सविस्तर माहितीबद्दल आभार. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि लाईटही जाते. तेव्हा काय करावे?

सी-४०१ : पाणी तापले की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच. त्यामुळे मे महिन्यात माशांची गर्दी टाळावी आणि एअर पंप इन्व्हर्टरवर घ्यावा. हवा बंद पडली की माशांबरोबर स्पंजमधले जिवाणूही गुदमरतात.

डी-३०४ : आमच्याकडे गप्पींची पिल्ले फार झाली आहेत. डास कमी होतील म्हणून ती मिरजेच्या गणेश तलावात किंवा कृष्णेत सोडावीत, असा विचार आहे.

सी-४०१ : कृपया सोडू नका. डासांसाठी गप्पी कुठे सोडायचे हे आरोग्य विभागाला ठरवू द्यावे. नदीत ते स्थानिक माशांची अंडी आणि पिल्ले खातात. टाकी साफ करतो म्हणून लोक हौसेने आणतात तो सकर मासा भीमा नदीवरील उजनीच्या जलाशयात पसरला आहे आणि मच्छीमारांची जाळी फाडतो. ती भीमा पुढे कृष्णेलाच मिळते. काकांची टाकी तयार झाली की तुमची पिल्ले त्यांनाच द्या.

सचिव : एक सूचना. येत्या रविवारी बी विंगची वरची टाकी धुऊन तीत ब्लीचिंग पावडर टाकली जाणार आहे.

सी-४०१ : बरे झाले, आधी कळवलेत. क्लोरीनने मासे आणि जिवाणू दोन्ही मरतात. एरवी अँटिक्लोरीनचे थेंब पुरतात, पण धुतल्यानंतर एक-दोन दिवस क्लोरीन जास्तच असते. काका, त्या दिवसांत टाकीत नवे पाणी घालू नका. सचिवसाहेब, दर वेळी अशी सूचना आदल्या दिवशी ग्रुपवर आली तर सोय होईल.

सचिव : यापुढे तशी सूचना टाकली जाईल. काकांना टाकी तपासण्यासाठी बी विंगच्या जिन्याखालची मोकळी जागा दोन दिवस वापरता येईल. फक्त पाणी ओतताना ते मीटरबॉक्सच्या दिशेने जाणार नाही, याची काळजी घ्यावी.

बी-२०३ : आभारी आहे. टाकी उतरवायला दोन तरुण हात मिळाले तर बरे होईल.

ए-१०२ : काका, मी आणि माझा भाऊ सायंकाळी सहा वाजता येतो.