रात्रीच्या घाबरण्याकडेही लक्ष द्या

नवा कॉकॅटिल (डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट) माणसाळवायचा तर त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून रोज थोडा वेळ हातात धरा, मग तो आपोआप माणसाळतो, असं काहीजण सांगतात. ते मला पटत नाही. तो धडपड थांबवतो, पण ती बहुतेक वेळा भीतीने आलेली स्तब्धता असते. खुणा तुऱ्यावर दिसतात. तुरा डोक्याला चिकटलेला आणि तोंडाने फुत्कार, म्हणजे हात लगेच मागे घ्या. तुरा ताठ उभा असेल तर तो दचकलाय. मागे सैल झुकलेला असेल तेव्हाच राळ्याचं कणीस पुढे करा, तेही बाजूने आणि त्याच्या छातीच्या उंचीवर. वरून आलेला हात त्याला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची, ती म्हणजे रात्रीची. कॉकॅटिल अंधारात जराशा आवाजाने किंवा सावलीने दचकून पिंजऱ्यात बेफाम फडफडतात. आमचा कॉकॅटिल घरी आल्यावर चौथ्या रात्री हेच झालं, पंखातलं एक वाढतं पीस तुटून रक्त आलं. सकाळी तो मला बघून कोपऱ्यात सरकला, आणि तीन दिवसांत जमवलेलं सगळं गेलं. तेव्हापासून पिंजऱ्याजवळ मंद दिवा असतो. पुन्हा असं झालंच तर आधी खोलीतला दिवा लावून हळू आवाजात बोलत राहते, हात आत घालत नाही. दोनेक आठवड्यांनी एका संध्याकाळी मी शेजारी वाचत बसले असताना तो डोळे मिटून चोचीचे दोन्ही भाग एकमेकांवर घासायला लागला. झोपेआधी निवांत असला की ते असं करतात. बोटावर तो त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आला, पण माझ्यासाठी खरा दिवस तोच.